जलाभेद्य पेटीचा कारखाना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाण्याखाली छायाचित्रे घेणाऱ्यांसाठी कॅमेऱ्याची जलाभेद्य पेटी, म्हणजे हाउसिंग, बनविण्याचा कारखाना समुद्रकाठीच चालावयाचा, हा समज इतका रूढ आहे की, शिप्रातीरी भैरवगढात एखाद्या हुन्नरी कारागिराने असा उद्योग आरंभण्याची तजवीज केली, तर आप्तेष्ट प्रथम हीच हरकत काढतील. परंतु सीकॅम व सुबाल या नामांकित पेढ्या ऑस्ट्रियातल्या, म्हणजे ज्या देशास समुद्रकिनाराच नाही तेथल्या. आणि आयकेलाइट ही अमेरिकेतील इंडियानापोलिसची, तेही समुद्रापासून दूरच. या धंद्यास समुद्र लागत नाही. लेथ आणि मिलिंगवर ज्याचा हात चुकत नाही असा माणूस लागतो.

पेटी जितकी घट्ट आवळावी तितकी ती सुरक्षित, हा समज त्याहून घातक. दर १० मीटर खोलीस दाब एका वातावरणाने, म्हणजे चौरस सेंटिमीटरास सुमारे एक किलोने वाढतो. तेव्हा ४० मीटरांवर २० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी झाकणावर सुमारे १,६०० किलोंचा भार पडतो, आणि हाच भार ओ-रिंग नावाच्या रबरी कडीला खाचेत चेपून फट बंद करतो. म्हणून सारे कसब त्या खाचेच्या रुंदीत, खोलीत आणि गुळगुळीतपणात आहे. तेथे राहिलेली उणीव स्क्रू आवळून भरून निघत नाही. कडीवर एक केस आडवा राहिला, तर कमरेएवढ्या पाण्यातही पेटी गळते. भैरवगढच्या बाटिक छपाईवाल्यांना हे समजावण्याची गरज नाही. मेणाचा थर केसभर तडकला की रंग आत शिरतो, हे ते नित्य पाहतात. ग्रीसनेही पाणी अडत नाही. ते कडी सहज सरकावी एवढ्यापुरते, जेमतेम लावावे, आणि सिलिकॉनच्या कडीला सिलिकॉनचे ग्रीस तर लावूच नये, कारण त्याने ती फुगते.

पुढची काच कोणतीही चालते, हेही खरे नव्हे. सपाट काचेतून पाण्यातील वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठ्या दिसतात, आणि रुंद कोनाच्या भिंगाच्या चित्राच्या कडा अस्पष्ट व रंगीत होतात. त्यावर उपाय घुमटाकार काच. परंतु घुमटाचा केंद्रबिंदू भिंगाच्या प्रवेश-छिद्राशी जुळवावा लागतो, सबब प्रत्येक भिंगागणिक पेटी व घुमट यांमधल्या नळीची लांबी बदलते. गिऱ्हाइकाच्या मापाने पेटी घडविण्याचे खरे प्रयोजन हेच, आणि ही परंपरा जुनी आहे : १८९३ साली फ्रान्समधील बान्यूल्स येथे लुई बूताँने पाण्याखाली छायाचित्रे घेतली, ती आपल्या अभियंता बंधूच्या साहाय्याने मुद्दाम करविलेल्या पेटीतूनच.

राहता राहिली परीक्षा. दाबाच्या टाकीत हवा नव्हे, पाणी भरतात. कारण टाकी फुटलीच तर दाबलेली हवा स्फोटासारखी सुटते, पाणी तसे सुटत नाही. ही परीक्षा प्रथम कॅमेऱ्यावाचून, रिकाम्या पेटीची व्हावी, आणि गिऱ्हाइकाने पेटी ताब्यात घेण्यापूर्वी तिची लेखी नोंद अवश्य मागून घ्यावी.