बाळाचे अंथरूण : सेंद्रिय शिक्का की जुनी सुती साडी?



नामकरणाला हल्ली गादी, उशी, दोन लोड आणि मच्छरदाणी असा तयार सेट भेट द्यायची पद्धत पडली आहे. ‘सेंद्रिय कापसाचा’ म्हटले की त्याची किंमत आणखी चढते. शुक्रवार पेठेतल्या एका खोलीच्या घरात एवढा खर्च करावा का? आमचे मत, करू नये.

सेंद्रिय कापूस म्हणजे रासायनिक खत, विषारी फवारणी आणि बीटी बियाणे न वापरता पिकवलेला कापूस. त्याचा मोठा फायदा शेतात राबणाऱ्याला होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याला आठवत असेलच. पण शेतात सेंद्रिय असलेल्या कापसाचे कापड पुढे कोणत्या रंगात बुडवले, हे नुसत्या ‘सेंद्रिय’ शब्दावरून कळत नाही. ‘गॉट्स’ हा शिक्का असेल तर किमान ७० टक्के धागा सेंद्रिय असतो आणि रंग-रसायनांवरही बंधने असतात. शिक्का नसेल तर जास्तीचे पैसे कशाचे?

आजीची शंभरदा धुतलेली सुती साडी बाळाला उत्तम. तिची खळ आणि सुटा रंग केव्हाच निघून गेलेला असतो, ती घाम टिपते आणि लवकर वाळते. नवे कापड असेल तर दोनदा धुऊन उन्हात वाळवून मगच वापरा.

कापडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अंथरुणाचा घट्टपणा. चटईवर सपाट घडी केलेली गोधडी घाला आणि तळहाताने दाबून पाहा. खळगा तसाच राहिला तर ती बाळासाठी फार मऊ आहे. नव्याने पिंजलेल्या गादीत बाळाचे तोंड रुतू शकते. बाळाला पाठीवरच झोपवा. अमेरिकेत १९९४ साली याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पुढे जवळपास निम्म्यावर आले. पहिले वर्षभर उशी नको, लोड नको. डोके गोल होण्यासाठी मोहरीची उशीही नको. पिढ्यान्‌पिढ्या चालत आले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे.

झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. त्यामुळे डोळा लागला की बाळाला सपाट अंथरुणावर, आईशेजारी पण वेगळे ठेवा. आपली सोलापुरी चादर मोठ्यांना छान, पण बाळाच्या अंगावर जड होते. थंडी असेल तर अंगात एक झबले जास्त घाला. उन्हाळ्यात टोपडे काढून टाका.

ज्या घरात विड्या वळतात, तिथे तंबाखूचे सूप आणि बाळाचे अंथरूण लांब ठेवा. बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवा. खोलीत विडी-सिगारेट कोणीही ओढू नये, मग तो कितीही मोठा मामा असो.

एक गोष्ट फार घरांना ठाऊक नसते. ट्रंकेतल्या दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. डांबरगोळीच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. गोळ्यांऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. बाळाचे डोळे किंवा तळवे पिवळे दिसले तर उन्हात धरत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि कपड्यांत डांबरगोळ्या होत्या का, तेही डॉक्टरांना सांगा.