कुठेही घ्या, कुठेही सोडा

2017 संपता संपता पुण्यात सायकलीच्या नशिबी दोन शुभशकुन आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि औंधमध्ये मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या सार्वजनिक सायकली धावू लागल्या आणि त्याच डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. 800 किलोमीटरहून अधिक लांबीचं सायकल मार्गांचं जाळं त्या आराखड्यात आखलेलं होतं. सायकली जेमतेम दीड-दोन वर्षं टिकल्या. आराखडा मात्र ठणठणीत आहे, कागदाला पंक्चर होत नाही.

खरं तर सायकल वाटून वापरायची रीत पुण्याला कुणी शिकवावी अशी स्थिती नव्हती. पेठांमधून तासावर सायकल देणारी दुकानं होती. वहीत नाव लिहायचं, ओळखीचं माणूस सांगायचं, वेळ टिपून सायकल न्यायची. परत आणताना उशीर झाला की दुकानदार घड्याळाकडे बघायचा आणि चेन पडलेली असली की आपल्याकडे. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक, कारखान्यांतले कामगार, सगळं गाव सायकलवर होतं. डबलसीट बसलं किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचा, एवढा सायकलचा मान होता. मग 1972 साली बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना एकाच वर्षी बाजारात आल्या. दोन्ही कंपन्या पुण्याच्याच. सायकलींच्या शहरानं आपला वारसदार स्वतःच्याच अंगणात वाढवला म्हणायचा. 2018च्या सुमारास शहरात नोंदलेल्या वाहनांनी 36 लाखांचा टप्पा ओलांडला, म्हणजे माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या.

अशा शहरात सुरुवात विद्यापीठापासून करणं शहाणपणाचंच होतं. गणेशखिंडीचा तो परिसर 411 एकरांचा. मुख्य दारापासून एखाद्या विभागापर्यंत भर उन्हात चालत जाणं म्हणजे पहिला तास चुकवायला आयतं कारण. विद्यार्थ्यांच्या फेऱ्या आखूड असतात: वसतिगृह ते वर्ग, वर्ग ते ग्रंथालय, ग्रंथालय ते मेस. जगात इतरत्रही या कल्पनेची पोरं कॉलेजांतच रांगली. केंब्रिजमध्ये 1993 साली रस्त्यावर मोकळ्या सोडलेल्या हिरव्या सायकली बघता बघता चोरीला गेल्या. 1996 साली पोर्ट्समथ विद्यापीठानं विद्यार्थ्यांच्या हाती चुंबकीय पट्टीचं कार्ड दिलं आणि सायकल कुणी नेली हे कळायची सोय झाली. चीनमधली ओफो ही कंपनी तर 2014 साली पेकिंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच आवारात सुरू केलेली.

पुण्यानं नियोजन केलं ते मात्र या धड्यांपेक्षा कंपन्यांच्या उत्साहावर विसंबून. या विषयातली जगभरची ठोकताळ्याची पुस्तकं सांगतात की साधारण दर 300 मीटरवर सायकल मिळाली पाहिजे, आणि एका सायकलीच्या दिवसाला चार ते आठ फेऱ्या झाल्या तर व्यवस्था नीट चालली असं मानावं. पुण्याचे नियोजक हे जाणून होते, त्यांच्या अभ्यासात मला खोट दिसत नाही. गोम व्यवहारात होती. महापालिकेनं जागा द्यायची, परवानगी द्यायची. सायकली, कुलपं, अ‍ॅप, दुरुस्ती हे सगळं कंपनीनं बघायचं. पालिकेच्या तिजोरीतून काही जाणार नाही, याचं तेव्हा फार कौतुक झालं. पण ज्या सेवेवर आपण पैसा खर्च करत नाही तिच्यावर आपला हक्कही चालत नाही, हे पाणीपुरवठा चालवणाऱ्या पालिकेला नव्यानं कळायला नको होतं.

2018चं साल रंगीत गेलं. झूमकार कंपनीची ‘पेडल’ ही सायकल सेवा होतीच, मग पिवळ्या ओफो आल्या, नारिंगी मोबाइक आल्या, युलू आली. सवलतीच्या दिवसांत अर्धा तास एका रुपयात फिरता यायचं. कुठेही घ्या, कुठेही सोडा, असा सगळा थाट. लोकांनी ‘कुठेही’ हा शब्द फारच मनावर घेतला. सायकली सोसायट्यांच्या आत गेल्या, नदीपात्रात गेल्या, काहींच्या सीट गेल्या, काहींची कुलपं. त्यावर ‘आपल्या लोकांची लायकीच नाही’ हे आवडतं वाक्य घरोघरी म्हटलं गेलं. मला ते आळशी वाटतं. मोडतोड पॅरिसमध्येही झाली आणि मँचेस्टरमध्येही. सायकल रोज उचलून नेणारा, हवा भरणारा, ब्रेक बघणारा माणूस पुरेसा नसला की कुठल्याही गावात तिचं भंगार होतं. तासावरच्या सायकलींनाही लोक जपत होते अशातला भाग नाही. पण संध्याकाळी त्या मोजून आत घेणारा कुणीतरी होता.

आणि शेवटी पुण्यातल्या सायकली गेल्या त्या पुणेकरांमुळे नव्हेच. ओफोचं चीनमध्येच दिवाळं वाजत आलं आणि 2018च्या मध्यात तिनं भारतातून गाशा गुंडाळला. मोबाइक त्याच वर्षी मेइतुआन या बड्या चिनी कंपनीनं विकत घेतली आणि पुढच्या वर्षी आशियातल्या इतर देशांतला पसारा आवरायला काढला. झूमकारनंही सायकलीतून अंग काढून घेतलं. युलू टिकली, पण विजेच्या दुचाकीकडे वळून. 2019 साली तिच्यात पैसे गुंतवले ते बजाज ऑटोनं. औंधमधल्या मुलीला क्लासला जायला सायकल मिळणार की नाही, हे ठरत होतं परदेशातल्या एखाद्या संचालक मंडळाच्या बैठकीत.

म्हैसूरचं उदाहरण इथे टाळता येत नाही. तेही कॉलेजांचं गाव. तिथली ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकल योजना 2017च्या जूनमध्ये सुरू झाली: 450 सायकली, 48 ठाणी, सायकल ठाण्यावरच घ्यायची आणि ठाण्यावरच ठेवायची. कार्डही चालायचं, त्यामुळे स्मार्टफोन नसला तरी अडत नव्हतं. सरकारी यंत्रणा आणि पर्यावरणासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी यांनी पैसा घातला आणि चालवायला कंत्राटदार नेमला. फार डामडौल नव्हता. पुण्यातल्या हजारो सायकलींपुढे हा आकडा किरकोळ, पण पुण्याच्या चारपैकी तीन कंपन्यांनी दुकान आवरलं तेव्हा ‘ट्रिन ट्रिन’ चालू होती.

जागेच्या निवडीबद्दलही बोलायला हवं. औंध हा स्मार्ट सिटीचा दाखवायचा भाग, रुंद पदपथांचा, आणि बऱ्याच घरांत दोन गाड्या असणारा. ज्यांना सायकलीची खरी गरज ते सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहत होते: स्पर्धा परीक्षेची पोरं, सकाळी अभ्यासिका, दुपारी खानावळ, रात्री पुन्हा अभ्यासिका, आणि खिशात महिन्याचे मोजके पैसे. त्यांच्या गल्ल्यांत सायकलींचं ठाणं मांडायचं तर आधी तिथे उभ्या दुचाकी हलवायला हव्यात. ते कोण करणार? 2018च्या मार्चमध्ये पालिकेनं पार्किंगचं शुल्क ठरवणारं धोरण आणलं, गदारोळ झाला आणि ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरतं उरलं. गाडी लावायची जागा फुकट आणि सायकल अर्ध्या तासाला पैसे मोजून, अशा हिशेबात पोरगं घरून जुनी स्प्लेंडर आणणारच.

मग करोना आला, आणि तो ओसरल्यावर मार्च 2022मध्ये मेट्रो. वनाजकडून येणाऱ्या मार्गाचं पहिलं टोक होतं गरवारे महाविद्यालय. पुढच्या वर्षी ती डेक्कन, सिव्हिल कोर्ट ओलांडून रुबी हॉलपर्यंत गेली. फर्ग्युसन, बीएमसीसी, सीओईपी या सगळ्या शिक्षणसंस्थांना स्थानकापासून एक-दोन किलोमीटरचाच टप्पा उरला, म्हणजे सार्वजनिक सायकलीचा हुकमी टप्पा. 2017 साली सायकली होत्या, त्यांना जोडायला गाडी नव्हती. आता गाडी आली आहे, आणि स्थानकातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला शेअर रिक्षावाला सीट भरेपर्यंत थांबवून ठेवतो.