संगणकाची काटकसर

ज्या खोलीत कोणी नाही, तेथील दिवा मालवावा, ही शिकवण आपणांस लहानपणापासून मिळते. ती पाळणेही सोपे असते. कारण खोली रिकामी आहे हे डोळ्यांना दिसते. परंतु एखाद्या घरात पंधरावीस खोल्या आहेत, माणसे क्षणोक्षणी ये-जा करीत आहेत, आणि दिवा भलत्या वेळी मालवला तर कोणाचे तरी हातचे काम नासणार आहे, अशी कल्पना करा. अशा घरातील दिव्यांची व्यवस्था पाहण्यास मोठा जागरूक माणूस लागेल. संगणक हे असेच एक घर आहे.

संगणकात आकडेमोड करणारा मुख्य भाग म्हणजे प्रोसेसर. पण तो एकटा काय करणार? तुम्ही टंकलेली अक्षरे कळफलक त्याच्याकडे पोहोचवतो. माउस हाताच्या हालचाली कळवतो. कॅमेरा चित्र टिपतो, ध्वनिवर्धक आवाज ऐकवतो, हार्ड डिस्क मजकूर जतन करते, आणि प्रिंटर तो कागदावर उतरवतो. या सर्वांना आपण जोड-उपकरणे म्हणू. यांतील प्रत्येक उपकरणाला वीज लागते. मात्र प्रत्येकाला सर्व वेळ काम नसते. निबंध लिहिताना कॅमेऱ्याची गरज काय? गाणे ऐकताना प्रिंटरचे काय काम? तरीही ही उपकरणे जागी राहिली, तर ती स्वस्थ बसूनही वीज खात राहतात. घरातील वीज गेली आहे, लॅपटॉप बॅटरीवर चालला आहे आणि उद्या द्यावयाचा निबंध अर्धाच लिहून झाला आहे, अशा वेळी या वायफळ खर्चाचे मोल ध्यानी येते.

हा खर्च आवरण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाची संचालन-प्रणाली, करते. ती संगणकाचा कारभार पाहणारी आज्ञावली होय. तिच्या हाताखाली प्रत्येक उपकरणाची भाषा जाणणारी एकेक छोटी आज्ञावली असते. तिला ड्रायव्हर म्हणतात.

ही काटकसर कशी चालते, हे समजण्यासाठी आपल्या शाळेचे वाचनालय डोळ्यांपुढे आणा. दाराशी एक वही ठेवली आहे. आत जाणारा विद्यार्थी तीत नाव लिहितो व बाहेर पडताना ते खोडतो. वहीत एकही नाव उरले नाही, म्हणजे शिपाईमामा दिवे व पंखे बंद करतात. संचालन-प्रणालीही प्रत्येक उपकरणाची अशीच एक मोजणी ठेवते. एखाद्या कार्यक्रमाला कॅमेरा हवा झाला की आकडा एकाने वाढतो. त्याचे काम संपले की एकाने घटतो. आकडा शून्यावर येईपर्यंत त्या उपकरणास झोपविण्याचा विचारही करावयाचा नाही, हा पहिला नियम.

पण शेवटचा विद्यार्थी बाहेर पडताच शिपाईमामा लगेच कुलूप लावीत नाहीत. विसरलेली टोपी नेण्यासाठी कोणी परत येईल, म्हणून ते जरा थांबतात. तसेच येथेही घडते. लिनक्स नावाच्या संचालन-प्रणालीत यूएसबी तारेने जोडलेल्या उपकरणांसाठी ही थांबण्याची मुदत सामान्यतः २ सेकंदांची असते. तेवढ्या वेळात नवे काम आले नाही, तरच उपकरणास झोपविले जाते. थोडे थांबावे, हा दुसरा नियम.

तिसरा नियम क्रमाचा आहे. वाचनालयाच्या आत एखादी लहान खोली असेल आणि तिच्यात कोणी वाचत बसले असेल, तर बाहेरच्या दाराला कुलूप घालून कसे चालेल? संगणकातही एका उपकरणाच्या आधाराने दुसरे चालते. एका यूएसबी हबला माउस, पेनड्राइव्ह आणि कॅमेरा जोडलेले असतात. ही तिन्ही झोपल्याशिवाय हबने झोपावयाचे नाही. जागे होताना क्रम उलटा होतो: आधी हब जागा होतो, मग त्याच्या आधारावरील उपकरणे.

झोपविण्यापूर्वी ड्रायव्हरला आणखी एक काळजी घ्यावी लागते. हाती घेतलेले काम पुरे झाले पाहिजे आणि उपकरण कोणत्या स्थितीत होते याची नोंद ठेवली पाहिजे. कारण गाढ झोपेत पुष्कळ उपकरणे आपली मांडणी विसरून जातात. पेनड्राइव्हवर मजकूर अर्धवट उतरला असताना वीज तोडली, तर साऱ्या श्रमांवर पाणी पडेल.

झोपेचेही प्रकार आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत उपकरणांच्या अवस्था डी-० पासून डी-३ पर्यंत सांगितल्या आहेत. डी-० म्हणजे पूर्ण जागृती आणि डी-३ म्हणजे सर्वांत गाढ झोप. झोप जितकी गाढ, तितकी वीज अधिक वाचते. पण जागे होण्यास वेळही अधिक लागतो. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांनुसार जागे उपकरण ५०० मिलिअँपिअरपर्यंत विद्युत्प्रवाह घेऊ शकते. झोपल्यावर मात्र त्याने २.५ मिलिअँपिअरहून अधिक घेता कामा नये. म्हणजे कमाल प्रवाह दोनशे पटींनी उतरला!

मग झोपलेल्यास उठवावयाचे कोणी? काही वेळा संचालन-प्रणालीच काम निघाले म्हणून हाक मारते. काही वेळा उपकरण स्वतःच हाक देते. झोपलेल्या कळफलकाची कळ दाबताच तो तारेवरून खूण पाठवतो आणि सारी साखळी जागी होऊ लागते. यासाठी यूएसबीच्या नियमांत निदान २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा, अवधी राखलेला आहे.

लिनक्सचा आरंभ १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी केला. संगणक चालू असतानाच एकेका उपकरणास झोपविण्याची सर्वांसाठी एक अशी व्यवस्था तीत डिसेंबर २००९ मध्ये आली. पोलिश तज्ज्ञ राफाएल विसोत्स्की यांचा त्या कामात मोठा वाटा होता. त्यापूर्वी संपूर्ण संगणकास एकदम झोपविण्याची सोय होती. आता घरातील माणसे जागी असतानाही रिकाम्या खोल्यांचे दिवे मालवता येऊ लागले.

येथे कोणी म्हणेल, काटकसर इतकी चांगली, तर ती होईल तेवढी करावी. पण अतिरेक कोणत्याही गुणाला दोष बनवतो. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून मजकूर वाचणारी नाजूक टोके असतात. वीज वाचावी म्हणून ती वेळोवेळी बाजूला नेऊन ठेवतात. समजा, हे काम ३ लक्ष वेळा सोसेल अशी एक डिस्क आहे आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाने तिची टोके बाजूला नेली जात आहेत. दिवसाचे २,८८० वेळा झाले. तुम्हीच भागाकार करून पाहा: अवघ्या साडेतीन महिन्यांत तिचे आयुष्य सरले! २००७ च्या सुमारास काही लॅपटॉपांविषयी अशाच तक्रारी झाल्या होत्या. विजेचे पैसे वाचले, पण डिस्क लवकर झिजू लागली.

सर्व उपकरणांचा स्वभावही सारखा नसतो. झोपलेला माउस बटण दाबले की जागा होतो, पण नुसता हलविला तर पुष्कळदा होत नाही. काही कळफलक जागे होताना पहिले अक्षर गाळतात. काही उपकरणे तर एकदा झोपली की नीट उठतच नाहीत. म्हणून लिनक्समध्ये हबखेरीज इतर यूएसबी उपकरणांना आपोआप झोपविण्याची मुभा सामान्यतः आधीपासून दिलेली नसते; उपकरणाचा स्वभाव पारखून मगच ती देतात.

काटकसर आणि कृपणता यांतील भेद येथे स्पष्ट होतो. कृपण मनुष्य गरज असो वा नसो, खर्च टाळतो. काटकसरी मनुष्य प्रत्येकाची गरज ओळखतो, निरुपयोगी खर्च थांबवतो आणि गरजेच्या क्षणी हात आखडत नाही. चांगली संचालन-प्रणाली हेच करते. तिने वाचविलेल्या थेंब थेंब विजेवर, अंधारात बसलेल्या विद्यार्थ्याचा निबंध पुरा होतो.