दोन बोल्टांवर उभा धंदा

३१ मार्चला भोसरी एमआयडीसीतलं एक लहानसं टर्निंग शॉप बंद झालं. बंद करणारा माझा दोरावरचा जुना जोडीदार. शॉपमध्ये दहापेक्षा कमी माणसं, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा लागू नाही, तरी त्याने प्रत्येकाचा हिशेब करून पैसे दिले. बँकेचं कॅश क्रेडिट खातं मिटवलं. दोन्ही सीएनसी मशिन आपल्याच ऑपरेटरला हप्त्यांवर दिली. पुढच्याच आठवड्यात उद्योजकांच्या एका मेळाव्यात वक्ते ठासून सांगत होते की शटर ओढणारा माणूस मुळातच कच्चा, धंदा म्हणजे कड्यावरून घेतलेली झेप! त्यांच्या मागे पडद्यावर कातळाला एका हाताने लटकलेल्या गिर्यारोहकाचं चित्र होतं. ते मला फार लागलं. तो खेळ आम्ही तारुण्यात जीव लावून खेळलो आहोत आणि झेप घ्यायला आम्हाला तिथे कुणीही शिकवलेलं नाही.

१९८८ मध्ये वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांची कांचनजुंगा मोहीम गेली, तिच्या गोष्टी ऐकत आमची पिढी गिर्यारोहण संस्थांमध्ये शिरली. पण आमचं खरं दशक १९९२ नंतरचं. आठवडाभर लेथवर उभं राहायचं, शनिवारी रात्री लोणावळा लोकल पकडायची. पायात ॲक्शनचे ट्रेकिंग शूज, दोर संस्थेचा, कॅराबिनर मोजून घेतलेले. नागफणी, तैलबैलाच्या भिंती, नाणेघाटाजवळची वानरलिंगी ही आमची शाळा.

सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. मधेच ठिसूळ तांबडा पट्टा येतो, कपारीत वाळलेलं गवत आणि घसारा असतो. चांगली दिसणारी खोबण हातात निघून येते. म्हणून आधी मुठीने ठोकायचं, पोकळ आवाज आला तर तिच्यावर भार नाही. दोन पाय आणि एक हात पक्का झाल्याशिवाय दुसरा हात हलवायचा नाही. थांब्यावर किमान दोन बोल्ट, आणि दोर असा बांधायचा की भार दोन्हींवर वाटला जाईल, एक निघाला तरी दुसरा धरेल. तेव्हा बोल्टसाठीचं भोक हातोडी आणि पहारीसारख्या ड्रिलने हातानेच पाडायचं. खांदे भरून यायचे, खालचे कंटाळायचे, पण दुसरा बोल्ट टाळायचा विचारसुद्धा कुणी बोलून दाखवत नसे. आघाडीचा गडी शेवटच्या बोल्टच्या दहा फूट वर असताना सुटला तर किमान वीस फूट पडतो. हे गणित आम्हाला बॅलन्सशीटच्या आधी कळलं होतं.

आणि खाली ‘बिले’ देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा. त्याचा फोटो कुणी काढत नाही. तासन् तास मान वर करून तो दोर सोडत असतो, आवळत असतो. माझा जोडीदार अप्रतिम बिले द्यायचा. वर असताना मी कधी खाली वळून पाहिलं नाही, इतका त्याच्यावर विश्वास होता.

त्याने शॉप टाकलं ते याच चढाईच्या वर्षांत. १९९१ नंतरचं वारं होतं, पिंपरी-चिंचवडमध्ये वाहन उद्योग जोरात होता आणि गल्लीगल्लीत कर्ज काढून मशिन उतरत होती. एका बड्या गिऱ्हाइकाने त्याला सगळी लाइन देऊ केली. अट एकच, तीन नवी मशिन घ्यायची आणि बाकीच्यांची कामं सोडायची. त्याने विचारलं, तुमचं काम थांबलं तर मला धरणार कोण? परचेसवाल्या साहेबांनी त्याला चारचौघांत भित्रा म्हटलं. बँकेतल्या एका अधिकाऱ्याने तर मराठी माणसाच्या मानसिकतेवर अर्धा तास व्याख्यान दिलं. कोणत्याही एका गिऱ्हाइकाकडून तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त धंदा घ्यायचा नाही, हा नियम त्याने तरीही मोडला नाही. मोटारीच्या भागांबरोबर पंपाचे शाफ्टही तो करत राहिला, कमी भावात, कटकटीच्या लॉटमध्ये.

१९९७ नंतर ट्रकची विक्री घसरली. ज्यांचा सगळा भार एका बोल्टवर होता, त्यांची शटर आमच्या डोळ्यांदेखत खाली आली. थकलेल्या बिलांवर व्याज देणारा कायदा १९९३ पासून होता. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकाकडे व्याज मागणार कोण? चांगले कारागीर होते ते, त्यातल्या काहींच्या हातची थ्रेड माझ्या हाताला कधी जमली नाही. भित्रा म्हणणारे साहेब तेव्हा त्यांच्यापैकी एकाच्याही दारात दिसले नाहीत, ही माझी तक्रार आजही कायम आहे.

परत फिरणंही आम्ही त्याच काळात शिकलो. वानरलिंगीवर एकदा माथा नजरेच्या टप्प्यात असताना जोडीदाराला वरच्या कपारीत आग्यामोहोळ दिसलं. तो काही न बोलता खाली बोट दाखवून दोर लावायला लागला. त्या रात्री आमच्यात कुणी त्याला बोल लावला नाही, कारण परत फिरायला लागणारी समज सगळ्यांना ठाऊक होती.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट गाठलं, २०१२ मध्ये गिरिप्रेमी संस्थेच्या मुलांनी गाठलं, आनंद झाला. मग शनिवार-रविवारच्या बॅचेस आल्या, कड्याखाली रांगा लागल्या. हार्नेस दुसराच कुणी बांधतो, दोर कोण धरतो ते माहीत नसतं, रॅपलिंग करून माणसं घरी जातात आणि त्याला गिर्यारोहण म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंतांसारखा मुरलेला गिर्यारोहक हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अपघातात गेला, तेव्हा आम्ही जुनी मंडळी कितीतरी दिवस सुन्न होतो. व्यासपीठावरून झेपेची भाषा करणाऱ्यांनी त्या कड्याच्या टोकाशी जाऊन एकदा खाली पाहावं.

चढाईचं नियोजन उतरणीसकट करायचं असतं. माथ्यावर माणूस थकलेला असतो, उजेड सरत असतो, लक्ष ढिलं पडतं, आणि पुष्कळ अपघात तिथेच होतात. धंद्यात मात्र सुरुवात कशी करायची याचीच शिबिरं. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचे आहेत. एप्रिल २०२४ पासून पैसे थकवणाऱ्यांना प्राप्तिकराचा चिमटाही आला, तर काही मोठ्या खरेदीदारांनी पुरवठादारांना ज्यावर हे संरक्षण मिळतं ती उद्यम नोंदणीच रद्द करायला सांगितली. म्हणजे दोर कापून घ्या, मग काम देतो.

जोडीदाराने हे सगळं वेळेत ओळखलं. विजेच्या गाड्या वाढल्या तर इंजिनात जाणारे त्याचे भाग कमी लागणार, हे दिसताच त्याने नवीन कर्ज घेणं थांबवलं. ठेवीत तीन महिन्यांचे पगार होते, त्यांना हात लावला नाही. गिऱ्हाइकांना सहा महिने आधी कळवलं. मशिन ऑपरेटरला देताना कागदावर त्याने एक अट लिहून घेतली: कुणा एकाचं काम निम्म्याच्या वर जायला लागलं तर ऑर्डर घेण्याआधी येऊन त्याच्याशी बोलायचं. जूनमध्ये तो ऑपरेटर एक परचेस ऑर्डर घेऊन त्याच्या घरी आला होता. दोघे दुपारभर आकडे मांडत बसले आणि अर्धीच ऑर्डर घ्यायची असं ठरलं.