उत्सुक की उतावळा?

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि चाकणपर्यंत कारखाने पसरले. १९६१ च्या कायद्यानुसार अशा कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेतले जातात. उद्या तुम्हीही अर्ज कराल आणि लिहाल, ‘हे काम शिकण्यास मी ... आहे.’ रिकाम्या जागी कोणता शब्द घालाल?

वाट पाहणाऱ्या मनासाठी मराठीत चार शब्द आहेत. त्यांतील फरक नीट समजून घ्या.

उत्सुक म्हणजे आवडीने व आशेने वाट पाहणारा. उर्दूत आपण ‘मुश्ताक’ म्हणतो. मात्र उर्दूतील ‘मिलने का मुश्ताक’ मराठीत ‘भेटण्याचा उत्सुक’ होत नाही. ‘भेटण्यास उत्सुक’ किंवा ‘भेटायला उत्सुक’ असे लिहा.

आतुर म्हणजे बेताब. ईदचा चाँद पाहायला मुले आतुर असतात. संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा भाविक दर्शनासाठी आतुर असतात. पण संस्कृतात ‘आतुर’चा अर्थ पीडित, आजारी असाही आहे. म्हणून चिंतातुर, भयातुर या शब्दांत आनंद नसतो. इंग्रजीतील ‘अँक्शस’ या शब्दालाही असेच दोन अर्थ आहेत : चिंतातुर आणि उत्सुक. भाषांतर करताना आधी पूर्ण वाक्य वाचा.

अधीर म्हणजे ज्याला धीर नाही असा. ‘अ’ आणि ‘धीर’ मिळून अधीर, तसेच ‘बे’ आणि ‘सब्र’ मिळून बेसब्र. दोन्ही शब्दांची घडण सारखीच आहे.

उतावळा म्हणजे विचार न करता घाई करणारा. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण प्रसिद्ध आहे. बाशिंग कपाळाला बांधतात. घाईत नवऱ्याला तेही सुचत नाही!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिले तीन शब्द बदलत नाहीत : उत्सुक मुलगा, उत्सुक मुलगी. चौथा बदलतो : उतावळा मुलगा, उतावळी मुलगी, उतावळी मुले.

आता अर्जाकडे वळा. यंत्रापाशी घाई केली तर बोट जाऊ शकते. म्हणून कारखान्याला उतावळा उमेदवार नको असतो. शिकण्याची आवड आणि थांबण्याचा धीर, दोन्ही सांगणारा शब्द एकच आहे : उत्सुक. रिकाम्या जागी तोच लिहा.