शाळेआधीची शाळा

‘अंगणवाडी’ हा शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत सर्वत्र परिचित आहे. प्रांताप्रांतांत उच्चार थोडा बदलतो. शब्द मात्र तोच राहतो. अंगण म्हणजे घराचा उंबरठा ओलांडल्यावर मुलाला भेटणारे पहिले जग आणि वाडी म्हणजे निगुतीने राखलेली बाग. घराबाहेरच्या त्या पहिल्या जगातच मुलाची जोपासना व्हावी, हा विचार या नावात सामावलेला आहे.

या विचाराला मोठी परंपरा आहे. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. लहान मुलाला धाक न दाखवता, मारझोड न करता, त्याच्या कलाने शिकवता येते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु बालशिक्षणाचा लाभ तेव्हा मुख्यतः शहरातील सुखवस्तू घरांपुरता मर्यादित होता. महागडी साधने आणि प्रशस्त खोल्या खेड्यातील मुलांच्या वाट्याला कोठून येणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाई १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये, विस्तारले.

बोर्डीत त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. बालवाडी उघडली, तरी गरीब वस्तीतील मुले तेथपर्यंत येत नव्हती. आईवडील पहाटेच कामाला जात. मुलांना आणणार कोण? तेव्हा या दोघींनी साधा पण मूलगामी निर्णय घेतला : मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने ही त्यांची शैक्षणिक साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. शाळेच्या सोयीने मुलाला न वाकवता मुलाच्या परिस्थितीप्रमाणे शाळेला आकार देणे, हा या प्रयोगाचा गाभा होता.

शासनाने हे काम देशपातळीवर हाती घेतले ते २ ऑक्टोबर १९७५ रोजी. त्या दिवशी ‘एकात्मिक बालविकास सेवा योजना’ सुरू झाली. प्रारंभी तिचे ३३ प्रकल्प व ४,८९१ अंगणवाड्या होत्या. आज अंगणवाड्यांची संख्या सुमारे १४ लाख आहे. योजनेच्या नावातील ‘एकात्मिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उपाशी मुलाचे गोष्टीत लक्ष लागत नाही, वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाच्या अंगी खाल्लेले अन्न लागत नाही आणि आईची प्रकृती खालावलेली असेल, तर बाळ जन्मतःच अशक्त निपजते. या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्याने उपायही एकत्रच करावे लागतात. म्हणून या योजनेत सहा सेवा एकत्र आणल्या गेल्या : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास रुग्णालयाकडे पाठवण्याची संदर्भ सेवा, अनौपचारिक शालापूर्व शिक्षण, आणि स्त्रियांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण. शालापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी असते. पूरक आहार मात्र सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे, तसेच गरोदर व स्तनदा मातांनाही मिळतो. यांपैकी कशासाठीही शुल्क नसते.

अंगणवाडीतील वजनकाटा हे दिसायला साधे, पण अत्यंत मोलाचे साधन आहे. बाळाचे वजन ठरावीक काळाने घेऊन ते वृद्धी तक्त्यावर नोंदवले जाते. नोंदीचे बिंदू जोडत गेलो की एक रेषा तयार होते. ही रेषा वर चढत असेल, तर बाळाची वाढ ठीक चालली आहे असे समजावे. ती आडवी झाली किंवा खाली झुकली, तर तो धोक्याचा इशारा होय. मूल डोळ्यांना हाडकुळे दिसू लागण्याच्या कितीतरी आधी ही रेषा बोलू लागते. म्हणून ‘दिसायला तर बरा आहे’ एवढ्यावर समाधान न मानता आईने ही रेषा स्वतः पाहायला शिकले पाहिजे.

अंगणवाडीविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते : ‘तेथे मुले नुसती खेळतात, शिकत काहीच नाहीत.’ या समजुतीमुळे अनेक पालक ऐपत नसतानाही तीन वर्षांच्या मुलाला शुल्क भरून अशा ठिकाणी घालतात, जेथे त्याच्या हाती पहिल्या दिवसापासून पेन्सिल दिली जाते. या तक्रारीचा नीट विचार केला पाहिजे. मूल मणी ओवते, तेव्हा पुढे पेन्सिल धरणाऱ्या बोटांना वळण लागते. लहान-मोठे खडे वेगळे करताना गणिताचा पाया घातला जातो. गाणी म्हणताना शब्द जिभेवर बसतात. गोष्ट ऐकताना आधी काय घडले व नंतर काय घडले, याचा क्रम मनात ठसतो. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वाटून खाणे, मनातले बोलून दाखवणे, हेही शिक्षणच आहे. अक्षरे पुढे गिरवता येतात. परंतु अक्षरांचीच भीती बसली, तर ती काढणे कठीण जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून व कृतीतून शिकण्यावर भर दिला. गिजुभाई आणि ताराबाई शंभर वर्षांपूर्वी हेच सांगत होत्या.

आता कायद्याची बाजू पाहू. २००२ साली झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांबाबत मात्र राज्यसंस्थेने बालसंगोपन व शिक्षणासाठी प्रयत्न करावेत, असे मार्गदर्शक तत्त्व अनुच्छेद ४५ मध्ये घातले गेले. म्हणजे शाळा हा हक्क ठरला. शाळेआधीची शाळा मात्र प्रयत्नांच्या भरवशावर राहिली. आहाराचे तसे नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याआधी १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही एक महत्त्वाचा आदेश दिला होता : ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील रहिवाशांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती सुरू करावी. अंगणवाडी ही कोणाची मेहेरबानी नसून ती मागून घेता येते, ही जाणीव या आदेशाने दिली.

या साऱ्या व्यवस्थेचा भार अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्या खांद्यांवर असतो. मुलांना गोळा करणे, शिकवणे, खाऊ घालणे, वजने घेणे, घरोघरी भेटी देणे आणि या सर्वांच्या नोंदी ठेवणे, इतकी कामे त्या करतात. तरीही त्यांना मिळते ते वेतन नव्हे, तर मानधन. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र शासनाच्या योजनेत सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये व मदतनिसाचे २,२५० रुपये ठरले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदानाचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. अनेक ठिकाणी अंगणवाडीला स्वतःची इमारत नाही, कोठे शौचालय नाही, तर कोठे नोंदींतच सेविकेचा इतका वेळ जातो की गोष्ट सांगायला सवड उरत नाही. ज्या हातांवर मुलांची पहिली वर्षे सोपवायची, ते हात कामाच्या ओझ्याखाली दबलेले असतील, तर शिक्षण तरी कसे फुलणार?

अंगणवाडीचा आणखी एक उपयोग आहे. तो सहा सेवांच्या यादीत लिहिलेला नसतो. आई मजुरीला गेली की धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत एकच असते : थोरल्या मुलीने. कडेवर मूल घेऊन शाळेत बसता येत नाही. एक दिवस चुकतो, मग आठवडा चुकतो आणि अखेर शाळाच सुटते. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यामागे हीच दृष्टी होती. धाकट्याची सोय झाल्याखेरीज थोरलीचे शिक्षण सुरू राहत नाही, हे ताराबाईंनी व अनुताईंनी ओळखले होते. मुक्त विद्यालयातून पुन्हा शिक्षणाकडे वळलेल्या आपल्यापैकी अनेकींना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच आपल्या वस्तीतील अंगणवाडीत एकदा जाऊन यावे. ती रोज उघडते का, आहार ताजा असतो का, आपल्या बाळाच्या वजनाची रेषा कोणत्या दिशेने जाते, मुलांच्या घरची भाषा तेथे ऐकू येते का, हे पाहावे. काही उणे आढळले, तर ते पर्यवेक्षिकेच्या किंवा ग्रामसभेच्या कानी घालावे. आणि सेविकेला मदतीची गरज असेल, तर तीही करावी. लिहिता-वाचता येणाऱ्या व्यक्तीला वृद्धी तक्ता वाचता येतो, अर्ज लिहिता येतो आणि दुपारी अर्धा तास मुलांना गोष्टही सांगता येते.