थंडीतला मासा आणि आपला गळ

डिसेंबर-जानेवारीत यावल परिसरात थंडीचा कडाका पडला की वस्तीत जागोजागी शेकोट्या पेटतात. दिवसभर केळीच्या बागेत राबलेली माणसे हात शेकत बसतात आणि गप्पांना ऊत येतो. गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा सुटीवर आला होता. तो सैन्यात असून काही काळ काश्मीरमध्ये होता. त्या रात्री शेकोटीवर त्याने जी माहिती सांगितली ती ऐकून आम्ही सारे चकित झालो.

"मामा, तिकडे ट्राउट नावाचा मासा आहे. त्याला धरायला गांडूळ लावत नाहीत, पिसाचा खोटा किडा लावतात," तो म्हणाला. सगळे हसले. पिसाला कोणता मासा भुलेल? परंतु ही गोष्ट खरी आहे. तिच्यात आपल्यासारख्या तापीकाठच्या माणसांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

ट्राउट हा मूळचा आपल्या देशातला मासा नव्हे. इंग्रजांच्या काळात, १८९९ साली त्याची अंडी विलायतेहून काश्मीरकडे पाठविली गेली, पण ती वाटेतच खराब झाली. १९०० साली स्कॉटलंडहून दुसरी खेप आली आणि ती मात्र जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी हे काम अंगावर घेतले होते. पुढे १९०७ साली दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरातही ट्राउटची पैदास सुरू झाली. पहलगामची लिद्दर नदी आज या माशासाठी ओळखली जाते.

आता तो खोटा किडा. गळाच्या आकड्यावर रंगीत रेशीम, पिसे आणि जनावराचे केस गुंडाळून पाण्यावरच्या माशीसारखा दिसणारा किडा बनवितात. तो इतका हलका असतो की हवेत फेकता येत नाही. म्हणून दोरच जाड व वजनदार घेतात. लवचीक काठीने तो दोर डोक्यावरून मागेपुढे झुलवितात आणि दोराच्या वजनाबरोबर किडा अलगद पाण्यावर जाऊन पडतो. आपल्या गळाला शिशाचे वजन लागते, तिथे दोर हेच वजन. एवढाच काय तो फरक.

थंडीत मात्र ही युक्ती बदलावी लागते. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी गार झाले की त्याचे शरीरही गार होते, पचन मंदावते, भूक कमी होते. तो वाहत्या धारेतून सरकून खोल, संथ पाण्यात तळाशी पडून राहतो. भक्ष्यासाठी धावत नाही, तोंडापुढे आले तरच घेतो. म्हणून हिवाळ्यात गळ टाकणारे वजनदार किडा तळालगत, प्रवाहाच्या वेगाने हळूहळू वाहू देतात. पहाटेपेक्षा दुपारी, ऊन लागून पाणी थोडे कोमट झाले की मासा तोंड लावतो. अमेरिकेतल्या बऱ्याच नद्यांवर लोक बर्फात उभे राहून असा ट्राउट धरतात आणि पुष्कळ जण तो लगेच पाण्यात सोडूनही देतात.

"मग तू किती धरलेस?" असे आम्ही भाच्याला विचारले. तो म्हणाला, "एकही नाही. थंडीत तिथे बंदी असते." ही बंदी विनाकारण नाही. काश्मीरमध्ये ट्राउटची परवानगी एप्रिल ते सप्टेंबर एवढीच असते. हिमाचल प्रदेशातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने ट्राउट धरता येत नाही. कारण याच गारठ्यात मादी नदीतल्या गोट्यांमध्ये अंडी घालते. ती वेळ टळली तर पुढच्या वर्षी नदीत मासाच उरणार नाही.

हा मासा आपल्या तापीत का नाही, असे कोणी विचारील. त्याला साधारण १० ते १६ अंशांचे गार, वाहते पाणी मानवते. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याचा जीव घाबरा होतो. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तिथे ट्राउट कसा टिकणार? आपले रोहू, कटला, मृगळ हे गरम पाण्याचे मासे. त्यांना २५ ते ३० अंश मानवतात आणि ते अंडी पावसाळ्यात, पुराच्या पाण्यात घालतात. थंडी हा त्यांच्याही सुस्तीचा काळ. तेही डोह धरून बसतात.

इथेच खरे दुखणे आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही रविवारी मुलांना घेऊन गळ टाकायला तापीवर गेलो होतो. डोहाच्या काठावर पांढरा थर दिसला. जवळ गेलो तर बोटाएवढी पिल्ले पोट वर करून तरंगत होती. रात्री कोणीतरी जिलेटिनचा बार उडविला होता. मोठे मासे पोत्यात भरून नेले, बाकीचे तिथेच सडत होते. काठावर जाळे घेऊन आलेला एक वृद्ध भोई डोक्याला हात लावून बसला होता. "थंडीत सगळा मासा एका जागी असतो हो. एका बारात वर्षाची भाकरी गेली," एवढेच तो बोलला. आमच्या धाकट्याने त्या दिवशी गळ पाण्यात टाकलाच नाही.

स्फोटके उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ सालच्या कायद्यानेच मनाई केलेली आहे. पण कायदा डोहावर रात्री पहारा द्यायला येत नाही. तो पहारा आपणच द्यायचा आहे. आपण दररोज पंचशील ग्रहण करतो आणि आपल्या घरी मासळीही शिजते. त्याचा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. परंतु खाण्यापुरता एक मासा धरणे आणि सबंध डोहाचा जीव घेणे यातला फरक लहान मुलालाही कळतो.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, या थंडीत मुलांना घेऊन नदीवर जरूर जा. उन्हे वर आल्यावर जा, तंगूस बारीक घ्या, आमिष तळाशी सोडा आणि धीर धरा. लहान मासा लागला तर हात ओले करून धरा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तो पुढे रोगाने मरतो. आकडा हळूच काढून त्याला पाण्यात सोडा. आणि डोहाकडे कोणी बार घेऊन निघाला असल्याचे कळले तर गप्प बसू नका, चार जणांना घेऊन त्याला अडवा. ट्राउटसाठी काश्मीरची नदी सहा महिने विसावा घेते. आपल्या तापीच्या डोहाला निदान थंडीपुरता तरी विसावा मिळाला पाहिजे.